गाडीला जादा दिवे लावताना

ऊसतोडीच्या हंगामात गंगाखेड, पाथरीकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो. म्हणून आपले तरुण मोटारसायकलला जादा दिवे बसवून घेतात. हेतू चांगला, पण जोडणी चुकली तर वायर तापून वितळते आणि ऐन अंधारात सगळेच दिवे जातात.

हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. 12 व्होल्टवर 55 वॅटचे दोन हॅलोजन 9 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. लहान गाडीची बॅटरी त्याने उतरते. 20 वॅटचे दोन एलईडी साडेतीन अँपिअरच्या आत भागतात. तेच बरे.

हेडलाइटच्या वायरला जोड मारू नये. बॅटरीच्या धन टोकाजवळच 5 अँपिअरचा फ्यूज बसवून वायर रिलेच्या 30 क्रमांकाला द्यावी, 87 वरून दिव्यांना. चावीनंतरची स्विचची वायर 86 ला, 85 अर्थला. म्हणजे दिव्यांचा भार स्विचवर येत नाही आणि चावी काढताच दिवे विझतात. वायर सायलेन्सरपासून दूर ठेवावी. हँडल वळवताना ताणली जाऊ नये. फ्यूज उडाला तर त्या जागी तार गुंडाळू नये, दोष शोधावा.

शेवटी दिव्यांचे तोंड खाली ठेवा. समोरून येणाऱ्याचीही घरी कुणी वाट पाहत असते. त्याचे डोळे दिपवून आपला रस्ता उजळू नये.