कानावर न पडलेलं

नववी-दहावीतली मुलगी कमी ऐकू येणाऱ्या वर्गमित्रात गुंतते, तेव्हा वर्गात कुजबुज होते आणि घरात धास्ती. ती त्याच्यासाठी काय करते, हेही पाहायला हवं.

श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, नको तोही. रत्नागिरीच्या पावसात पत्र्यावरचा मारा आणि बाईंचं शिकवणं एकत्रच कानात शिरतं. मग मुलगा ओठ वाचतो. पण प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. 'पाय' की 'माय', ते संदर्भावरून ओळखायचं. थकून अनेक मुलं न कळताच मान डोलावतात. जिला 'पुन्हा सांग' म्हणायला संकोच वाटत नाही, अशी मैत्रीण मोलाचीच.

पालकांनो, हे नातं दटावून तोडू नका. मात्र वयात येणं, संमती, मर्यादा याविषयी दोघांशीही बोला. इतर मुलं हे इकडून-तिकडून ऐकतात. त्याच्या कानावर ते पडतच नाही. त्याच्यासमोर, उजेडात बसून, सावकाश आणि स्पष्ट बोला. ओरडू नका, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात.

ऐकण्याबद्दल शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत होते.