पौडची गाडी, पण विम्याला दर पुण्याचा का?

पिरंगुट, पौड, भूगाव भागात गाडीचा विमा रिन्यू करायची वेळ आली की एक तक्रार हमखास ऐकू येते. "श्रीवर्धनच्या मामूंची गाडी तीच, मॉडेल तेच, मग त्यांचा हप्ता आपल्यापेक्षा कमी कसा?" ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनला ज्यांची नाती आहेत, त्यांच्याकडे तर हा विषय दरवर्षी निघतो. मग सल्लाही ठरलेलाच: पुढची गाडी गावच्या पत्त्यावर घ्या. या सल्ल्यात खरंच किती पैसे वाचतात, ते आम्ही इथे मांडतो.

पॉलिसीच्या कागदावर दोन वेगळ्या रकमा असतात. पहिली थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला किंवा नुकसान झालं तर त्याची भरपाई. विम्याबद्दल काही घरांत दीनी शंका असते, तो मसला उलेमांना विचारावा. पण हा भाग मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. याचा दर सरकार ठरवतं आणि तो देशभर एकच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये होते. मुंबई असो, मुळशी असो की म्हसळा, इथे शहराचा काही संबंध नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या रकमेत, आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. २००२ च्या दरपत्रकाने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले. 'ए' मध्ये आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद. बाकी सगळा देश 'बी' मध्ये. आणि झोन ठरतो तो गाडी कुठे उभी असते यावर नाही, नोंदणी कुठल्या आरटीओत झाली यावर. म्हणून एमएच-१२ ची गाडी वर्षभर ताम्हिणीच्या धुक्यात उभी राहिली तरी ती पुण्याचीच. मामूंची रायगडची एमएच-०६ मात्र 'बी' मध्ये.

आता हिशेब. १२०० सीसीची नवी कार, विम्यासाठी धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, सहा लाख. जुन्या दरपत्रकात 'ए' झोनला ३.२८३ टक्के, म्हणजे १९,६९८ रुपये. 'बी' ला ३.१९१ टक्के, म्हणजे १९,१४६. फरक ५५२ रुपये! एवढ्यासाठी गावचा पत्ता लावायचा?

मग मामूंचा हप्ता दोन-तीन हजारांनी कमी कसा? १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांना मोकळे झाले. आता प्रत्येक कंपनी कुठल्या भागातून किती दावे आले, ते पाहून सूट कमी-जास्त करते. शहरात गर्दी, त्यामुळे ठोकाठोकी जास्त. चोरीची भीती जास्त. शोरूमच्या वर्कशॉपची मजुरीही जास्त. शिवाय पाणी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यात गाड्या वाहून गेल्या, ते अनेकांनी पाहिलं. (पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला जाऊन इंजिन बिघडलं तर साध्या पॉलिसीत ते बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. घाटाखाली ये-जा असणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.)

पण पुष्कळदा कारण शहराचं नसतंच. मामूंची आयडीव्ही कमी धरलेली असते, किंवा त्यांनी पाच वर्षं दावा केलेला नसतो आणि ५० टक्के नो क्लेम बोनस मिळालेला असतो.

टेम्पोवाल्यांसाठी गंमत वेगळीच. मालवाहू गाड्यांना त्याच दरपत्रकात तीन झोन आहेत: आधी चार महानगरं, मग इतर राज्यांच्या राजधान्या, मग उरलेला देश. पुणे राजधानी नाही, म्हणून तिसऱ्यात. म्हणजे पिरंगुटच्या एकाच अंगणात कार महागड्या झोनमध्ये आणि टेम्पो सर्वांत स्वस्त झोनमध्ये!

गावच्या पत्त्याचं म्हणाल तर मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो, जिथे गाडी नेहमी असते, त्या पत्त्यावर नोंदणी करावी असं कायदा सांगतो. अब्बांचं घर श्रीवर्धनला आहे आणि गाडी तेच वापरतात, तर प्रश्नच नाही. पण गाडी रोज हिंजवडीला जाते आणि कागदावर श्रीवर्धन, असं असेल तर मोठ्या अपघातानंतर कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. सहा लाखांच्या गाडीवर हा धोका ५५२ रुपयांसाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, मात्र सगळीकडे आयडीव्ही एकच धरायला सांगा, नाहीतर तुलना फसते. शोरूमवाल्याने दिलेला आकडा शेवटचा समजू नका. गाडी विकली तरी नो क्लेम बोनस आपल्याच नावावर राहतो, नव्या गाडीला लावून घ्या. आणि तारीख चुकवू नका: मुदत संपून ९० दिवस उलटले की जमलेला बोनस जातो.