डिस्कची फेरवांटणी आणि हरवलेली वाट

घरांत एकच संगणक असावा, त्यांत विंडोज व लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली शेजारीं शेजारीं नांदत असाव्यात, आणि जागा अपुरी पडते म्हणून एके दिवशीं कोणीतरी लिनक्सचा विभाग पुसून ती जागा विंडोजला जोडून द्यावी, ही गोष्ट आज दुर्मिळ राहिलेली नाहीं. पुसण्याचें काम दोन मिनिटांत होतें, आणि विंडोज त्या वेळीं सुरळीत चालूही राहतें. परंतु यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें, कीं काळ्या पडद्यावर ‘असा विभाग नाहीं’ अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य व त्याखालीं ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द, एवढेंच दिसतें. लिनक्स तर गेलेंच. पण ज्याला कोणीं हातही लावला नव्हता, तें विंडोजही दिसेनासें होतें. लग्नकार्यांचे फोटो, मुलाचा प्रबंध, वर्षानुवर्षांचे हिशेब, सारें बुडालें अशी घरांत समजूत होते. ही समजूत बहुधा खोटी असते. आणि तिच्या भरांत जो उतावीळ उपाय केला जातो, त्यानेंच पुष्कळदां खरा घात होतो.

डिस्क म्हणजे ओळीनें क्रमांक दिलेल्या असंख्य लहान खणांची एक लांबच लांब रांग होय. ह्या खणांस सेक्टर म्हणतात, आणि पूर्वापार चालत आलेल्या मापाप्रमाणें एका सेक्टरांत ५१२ बाइट मावतात. रांगेचे जे मोठे भाग पाडतात, त्यांस पार्टिशन म्हणजे विभाग असें नांव आहे. दोन विभागांमध्यें भिंत अशी नसतेच. कोणता विभाग कोठें सुरू होतो व किती लांब आहे, एवढी नोंद एका तक्त्यांत केलेली असते. १९८३ सालीं आयबीएमच्या एक्सटी संगणकाबरोबर जी पद्धति रूढ झाली, तींत हा तक्ता डिस्कच्या अगदीं पहिल्या सेक्टरांत ठेवितात. त्या सेक्टरांतील ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामास, ६४ बाइट तक्त्यास व शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेस दिलेले असतात. ६४ बाइटांत १६ बाइटांच्या चारच नोंदी बसतात. म्हणून मुख्य विभागही चारच. अधिक हवे असल्यास त्यांपैकीं एकाच्या पोटांत उपविभाग पाडावे लागतात, व लिनक्स त्यांची गणती ५ पासून करितें.

विभाग पुसणें म्हणजे बहुतेक वेळां ह्या तक्त्यांतील एक ओळ खोडणें होय. सिटी सर्व्हेच्या दप्तरांतून एखाद्या घराची नोंद कमी झाली म्हणून घर कोसळत नाहीं. आंतली माणसें व सामान जेथल्या तेथें असतें, पत्ता विचारीत येणाऱ्यास मात्र तें सांपडत नाहीं. विभागांतील फाइलींचीही स्थिति अशीच असते.

आतां, ज्यास हात लावला नाहीं तें विंडोज कां अडावें? संगणक सुरू होतो तो टप्प्याटप्प्यानें. पहिला टप्पा दुसऱ्यास हांक मारतो, दुसरा तिसऱ्यास. लिनक्स बसवितांना ग्रब नांवाचा प्रारंभक पहिल्या सेक्टरांत व त्यालगतच्या मोकळ्या जागेंत आपलें लहानसें बीज ठेवितो. पण त्याचा उरलेला सारा संसार लिनक्सच्या विभागांत असतो. तो विभाग पुसला, कीं बीजास आपले उरलेले भाग सांपडत नाहींत व तें जागच्या जागीं थांबतें. विंडोजचें घर शाबूत, परंतु तेथवर नेणारा वाटाड्या शेजारच्या घरीं राहत होता, तो नाहींसा झाला! येथें उपाय सोपा आहे. विंडोज बसविण्याच्या यूएसबीवरून यंत्र सुरू करून, दुरुस्तीच्या विभागांतील ‘बूटरेक’ ह्या साधनास ‘फिक्स-एमबीआर’ ही आज्ञा द्यावी. ती पहिल्या सेक्टरांतील प्रारंभीचा प्रोग्राम तेवढा नवा लिहिते. विभागांच्या तक्त्यास स्पर्श करीत नाहीं.

दुसरा प्रकार क्रमांक बदलण्याचा. पांचवा उपविभाग पुसला म्हणजे सहावा आपोआप पांचवा होतो. लिनक्स सहाव्यांत असेल, तर ग्रब मात्र जुन्या क्रमांकावरच शोध घेत राहतो. अशा वेळीं त्याच काळ्या पडद्यावर ‘एलएस’ ही आज्ञा देऊन विभागांची यादी मागावी, एकेकांत डोकावून ‘बूट’मधील ‘ग्रब’ हा फोल्डर कोठें आहे तें पाहावें, ‘प्रीफिक्स’ व ‘रूट’ ह्या दोन नोंदी त्या विभागाकडे वळवाव्यात, आणि ‘नॉर्मल’ हा भाग चढवून चालू करावा. नेहमींची यादी पुन्हां दिसूं लागते. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरतीच असते. ती कायम करण्यासाठीं लिनक्स सुरू झाल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा चालविली पाहिजे.

अलीकडच्या यंत्रांत जीपीटी नांवाची नवी पद्धति आहे. तींत सामान्यतः १२८ नोंदींस जागा असते, व तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं जपून ठेवितात. मुख्य प्रत बिघडली तर दुसरीवरून ती पुन्हां उभी करतां येते. मात्र मनुष्यानें स्वहस्तें पुसलेली ओळ दोन्ही प्रतींतून जाते, हें विसरतां कामा नये. ह्या यंत्रांत सर्व प्रारंभक ईएफआय नांवाच्या एका लहान विभागांत एकत्र असतात. लिनक्स पुसल्यावर यंत्राच्या प्रारंभ-सूचींतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलें कीं पुष्कळदां काम भागतें. परंतु निरुपयोगी समजून हा लहान विभागच कोणीं पुसला, तर दोन्ही कार्यप्रणाली धडधाकट असूनही एकही उठत नाहीं. मग तो विभाग नव्यानें पाडून ‘बीसीडीबूट’ ह्या साधनानें विंडोजचा प्रारंभक त्यांत पुन्हां ठेवावा लागतो.

आतां घात कशानें होतो तें पाहूं. खोडलेल्या विभागाच्या जागीं नवें कांहीं लिहिलें, तर जुनें खरोखरच नष्ट होतें. म्हणून डिस्क ‘फॉर्मॅट करावी काय’ असें यंत्रानें विचारल्यास नकारच द्यावा, आणि कार्यप्रणाली नव्यानें बसविण्याची घाई करूं नये. फिरत्या तबकडीच्या डिस्कपेक्षां एसएसडीच्या बाबतींत हा धोका अधिक. कारण मोकळी ठरलेली जागा ती स्वतःच आंतल्या आंत साफ करूं शकते. पुसलेल्या विभागांत मोलाचें कांहीं असेल, तर आधीं संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नंतर क्रिस्तोफ ग्रेनिए ह्यांनीं रचलेल्या ‘टेस्टडिस्क’सारख्या मोफत साधनानें विभागांच्या जुन्या खुणा शोधाव्यात, आंतील फाइली दिसतात अशी खात्री करावी, आणि मगच तक्ता लिहावा.

एक कुलूप मात्र ह्या सर्वांहून निराळें आहे. अनेक नव्या यंत्रांत विंडोजचा विभाग बिटलॉकरनें सांकेतिक केलेला असतो, व घरच्यांस त्याची वार्ताही नसते. प्रारंभाच्या व्यवस्थेंत फेरफार झाल्याचें दिसतांच तें ४८ आंकड्यांची किल्ली मागूं शकतें. ती पुष्कळदां मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत जतन केलेली सांपडते. परंतु कोठेंच नसेल, तर तक्ता कितीही बिनचूक जुळविला तरी आंतील एक अक्षरही वाचतां येत नाहीं.

म्हणून फेरवांटणीस हात घालण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्यात. फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. कार्यप्रणाली सुरू करूं शकेल अशी यूएसबी तयार करून ती चालते कीं नाहीं हें पाहून घ्यावें. आणि विभागांचा तक्ता व ती ४८ आंकडी किल्ली कागदावर उतरवून कपाटांत ठेवावी. संगणक बंद पडला असतां त्याच्या आंत ठेविलेली किल्ली उपयोगी पडत नाहीं, कागद पडतो.