भरतीच्या मैदानावर पळण्याआधी काय खायचं, काय प्यायचं? उपाशीपोटी आणि 'सुई' मारून पळणं जिवावर बेतू शकतं

पोलीस भरतीच्या जागा निघाल्या की आपल्या तालुक्यातला प्रत्येक रस्ता पहाटे जागा होतो. कॅनॉलचा रस्ता म्हणा, कॉलेजचं ग्राउंड म्हणा, हायवेच्या कडेची पट्टी म्हणा, साडेचार-पाचलाच पोरं-पोरी पळताना दिसतात. घरची दोन-तीन एकर जमीन, पावसाचा भरवसा नाही, म्हणून वर्दी हीच आशा. मेहनतीत आपली पोरं कुठंच कमी नाहीत. पण पळायच्या आधी पोटात काय असावं आणि काय नसावं, याबद्दल गावोगाव इतके वेगवेगळे सल्ले फिरतात की पोरं गोंधळून जातात. कोणी म्हणतं उपाशीच पळ, कोणी म्हणतं कच्ची अंडी पी, कोणी म्हणतं पाणी पिलास तर पोटात दुखेल. आणि आता काही ठिकाणी तर थेट इंजेक्शनची गोष्ट ऐकू येते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

खेळ काही सेकंदांचा

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणं, त्याला २० गुण. बाकी १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटरला पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत. थोडे सेकंद मागेपुढे झाले की गुण कापले जातात, आणि मेरिट तर एकेका गुणावर अडतं. राज्य राखीव दलाला ५ किलोमीटर पळावं लागतं, तिथं दमाचा खेळ अजून मोठा.

पळताना ताकद येते कुठून?

आपण भाकरी, भात, चपाती, बटाटा, केळं खातो त्याची शरीरात साखर होते. त्यातली काही रक्तात फिरते आणि उरलेली साठवली जाते. साठवणीच्या दोन कणग्या आहेत. एक यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, तिथं साधारण ८० ते १०० ग्रॅम साखर मावते. दुसरी स्नायूंमध्ये, तिथं ३०० ते ४०० ग्रॅम. पळताना मांड्या-पोटऱ्या स्वतःच्याच कणगीतलं वापरतात.

आता यातली गंमत बघा. आपण रात्री झोपतो तेव्हा मेंदूला साखर पुरवण्यासाठी यकृताची कणगी हळूहळू रिकामी होत जाते. स्नायूंची मात्र तशीच राहते. म्हणजे सकाळी १६०० मीटर पळायला लागणारी ताकद ही आदल्या दिवशीच्या, विशेष करून रात्रीच्या जेवणातून आलेली असते. पळायच्या दहा मिनिटं आधी खाल्लेल्या मूठभर बदामानं पायात बळ येत नाही. ते अजून पोटातच असतं.

मग सकाळी खायचंच कशाला? कारण रिकामं पोट घेऊन मैदानावर तासन्‌तास ताटकळलं की रक्तातली साखर उतरू लागते. चक्कर, हातपाय थरथरणं, डोळ्यापुढं अंधारी, हे सगळं त्यातूनच येतं.

आणि गच्च पोटानं का पळायचं नाही? जेवल्यावर रक्ताचा मोठा हिस्सा पोटाकडं जातो, कारण पचनाचं काम सुरू असतं. त्याच वेळी पाय रक्त मागतात. दोन्हीकडं ओढाताण झाली की मळमळतं, उलटी होते, बरगडीखाली कळ निघते.

आदल्या रात्री

- रोजचंच जेवण, पण पोटभर. ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा चपाती, सोबत भात आणि वरण. भात टाळू नका, उलट थोडा वाढवा.
- नवीन काही खाऊन बघू नका. चाचणीच्या आदल्या रात्री 'ताकदीसाठी' म्हणून झणझणीत मटण हाणलं तर सकाळी पोट साथ देत नाही.
- जेवण आठच्या आसपास उरका, झोप लवकर घ्या.
- पाणी संध्याकाळपासून थोडं थोडं पीत राहा.

सकाळी: किती वेळ आहे त्यावर खाणं

तीन तास हातात असतील तर: दोन चपात्या किंवा एक भाकरी आणि कमी तिखट भाजी, नाहीतर प्लेटभर पोहे, उपमा. तेल बेताचं.

दीड-दोन तास असतील तर: एक-दोन केळी, किंवा गुळासोबत एक चपाती, किंवा राजगिऱ्याचे दोन लाडू.

अर्धा-पाऊण तास असेल तर: एक केळं, किंवा तीन-चार खजूर, किंवा गुळाचा लहान खडा. बस्स, एवढंच.

रोजच्या पहाटेच्या सरावाला उठल्यावर लगेच पळायचं असतं. त्या वेळी पाऊण-एक ग्लास पाणी आणि अर्धं-एक केळं पुरतं. रात्री नीट जेवलेलं असेल तर काहीजण फक्त पाण्यावरही आरामात सराव करतात, त्यात गैर काही नाही. शरीराला मानवतं ते करा. पण खरं जेवण सरावानंतर तासाभरात झालंच पाहिजे.

भिजवलेले हरभरे, दूध आणि अंडी

भिजवलेले हरभरे वाईट अजिबात नाहीत. फक्त त्यांची वेळ चुकते. हरभऱ्यात प्रथिनं आणि चोथा दोन्ही भरपूर, त्यामुळं पचायला वेळ लागतो आणि गॅस होतो. म्हणून पळायच्या आधी नको, पळून आल्यावर खा. मोड आलेली मटकी, शेंगदाणे यांचंही तेच. बदाम परवडत नाहीत म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नका. शेंगदाण्यात प्रथिनं बदामाच्या तोडीस तोड असतात, आणि ते आपल्याच शेतात पिकतात.

दूधही नंतरच बरं. पळायच्या आधी पिलं तर बऱ्याच जणांना पोटात गुडगुड होते.

कच्ची अंडी पिण्याचा नाद सोडा. कच्च्या अंड्यातलं प्रथिन शरीराला जेमतेम निम्मंच लागू पडतं, उकडलेल्यातलं मात्र दहातले नऊ हिस्से. वर कच्च्या अंड्यातून जंतू पोटात गेले तर जुलाब-उलट्यांनी चार दिवसांचा सराव बुडतो तो वेगळाच. अंडं उकडूनच खा.

पाणी: प्यायचं, पण कसं?

'पाणी पिऊन पळू नको' हा सल्ला अर्धाच खरा आहे. पळायच्या पाच मिनिटं आधी लिटरभर ढोसलं तर पोट डचमळणारच. पण तहानलेलं शरीर घेऊन पळणं त्याहून वाईट. अंगात पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात आणि घाम कमी येऊन अंग तापतं.

सोपा हिशेब असा: पळायच्या दोन ते चार तास आधी वजनाच्या दर किलोमागं ५ ते ७ मिलिलिटर पाणी. म्हणजे ६० किलोच्या पोराला ३०० ते ४०० मिलिलिटर, दीड-दोन ग्लास. त्यानंतर तहान लागेल तसे घोट घोट. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद पिवळा असेल तर कमी पडतंय. मात्र भीतीपोटी दोन-तीन लिटर पाणी एकदम पिऊ नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं.

उन्हाळ्यात किंवा घाम फार जात असेल तर मीठ-साखरेचं पाणी करा. १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा. वर लिंबू पिळा. मिठाचं प्रमाण अंदाजानं वाढवू नका. मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट घेतलं तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळं पाकीट टाका.

चहाची सवय असेल तर अर्धा कप चालेल, पण नुसत्या चहावर मैदानात जाऊ नका. उपाशीपोटी चहानं जळजळ होते.

एनर्जी ड्रिंक आणि 'सुई'

एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन आणि पाच-सहा चमचे साखर असते. त्यानं तरतरी वाटते, पण कॅफिननं छातीचे ठोके वाढतात. आधीच भरतीची धाकधूक, त्यात ऊन, त्यात उपाशीपोट, आणि वरून हे. सवय नसलेल्यानं चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊन बघणं म्हणजे जुगारच. त्याच पैशात डझनभर केळी येतात.

खरी भीती इंजेक्शनची आहे. मेफेंटरमाइन नावाचं औषध ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं ब्लड प्रेशर एकदम उतरलं तर ते वर आणायला डॉक्टर वापरतात. तेच जिममध्ये आणि भरतीच्या पोरांत 'स्टॅमिन्याचं इंजेक्शन' म्हणून चोरून विकलं जातं. त्यानं ताकद वाढत नाही, दमल्याची जाणीव दबते. शरीर थांब म्हणत असतं, पण ते ऐकूच येत नाही. ब्लड प्रेशर भडकतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि जोरात पळताना हृदय बंद पडण्याचा धोका असतो. त्याची सवयही लागते. उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खाऊन पळणंही तसंच घातक, पोट आणि किडनी दोन्हीला.

झारखंडात २०२४ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत १० किलोमीटर पळायचं होतं. त्या भरतीत दहाहून जास्त उमेदवार दगावले. दमट हवा आणि ऊन, रिकामं पोट, काहींनी उत्तेजक घेतल्याचा संशय, अशी कारणं तेव्हा चर्चेत आली. शेवटी तिथल्या सरकारनं सकाळी नऊनंतर पळवायचं नाही आणि उमेदवारांसाठी फळं-नाश्त्याची सोय करायची असं ठरवलं. आपल्याकडंही जून २०२४ मध्ये नवी मुंबईत राज्य राखीव दलाच्या भरतीत धावताना एका तरुणाचा जीव गेला. ही सगळी आपल्यासारख्याच घरची पोरं होती.

मुलींसाठी एक जास्तीची गोष्ट

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्तातलं हिमोग्लोबिनच शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी ८०० मीटरला शेवटच्या फेरीत दम तुटतो. पोरीचा टाइम सुधारत नसेल तर तिला आळशी म्हणू नका, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासा. रोजच्या जेवणात मेथी, शेपू, बाजरी, हरभरा, सोबत लिंबू घ्या. लिंबानं लोह अंगाला लागतं, जेवणासोबतच्या चहानं ते अडतं. म्हणून जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा. गोळ्या लागल्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या.

चाचणीच्या दिवशी

सरावात आणि चाचणीत मोठा फरक आहे. पहाटे पाचला आत घेतात, मग कागदपत्रं, उंची-छाती, नंबर, आणि पळायची पाळी येईपर्यंत कधी नऊ-दहा वाजतात. रात्री एसटी स्टँडवर नाहीतर फूटपाथवर काढलेली असते. वडापाव खाऊन झोपलेलं पोर सकाळी तसंच उपाशी रांगेत उभं राहतं. म्हणून पिशवीत हे असू द्या:

- घरच्या दोन-तीन चपात्या, गूळ, चार केळी, खजूर किंवा राजगिऱ्याचे लाडू.
- घरून भरलेली पाण्याची बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटं.
- पहाटे रांगेत लागण्याआधी चपाती-गूळ आणि केळं खा. मग दर तासाला पाण्याचे चार घोट, पाळी लांबली तर मध्ये एक केळं.
- उपवास असेल तर त्या दिवशी सोडा. देव समजून घेईल.
- ताप, जुलाब, छातीत दुखणं असेल तर आधीच तिथल्या डॉक्टरांना सांगा. लपवून पळू नका.

पळताना कोणी बरळायला लागलं, अडखळलं, अंग तव्यासारखं तापलं तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आई-बापांनो, तुम्हीपण वाचा

पोरगं दोन वर्षं भरतीची तयारी करतंय म्हटल्यावर घरात चिडचिड होतेच. पण रात्री ताटात भात-वरण थोडं जास्त वाढणं आणि जाताना पिशवीत चपात्या बांधून देणं, एवढं आपल्या हातात आहे. आणि पोराच्या खोलीत सुई-सिरिंज, अनोळखी बाटली दिसली तर गप्प बसू नका. भरती पुन्हा निघते, वयात बसलं तर पुन्हा संधी मिळते. गेलेला जीव परत येत नाही.

ही माहिती तुमच्या गावातल्या भरतीच्या ग्रुपवर नक्की पाठवा. सगळ्या पोरा-पोरींना मैदानासाठी शुभेच्छा!