कांद्याला थांबता येईल काय?

(द्वितीय वर्ष कला)

वाण्याकडे कांदा किलोमागे दहा रुपयांनी महागला की 'कांद्याने रडविले' असे मथळे वर्तमानपत्रांतून झळकू लागतात. लिलावात तोच कांदा मातीमोल झाला, तर ती बातमी आतल्या पानावर जाते. वास्तविक या दोन्ही बातम्यांमागचे दुखणे एकच आहे, आणि वर्गात फळ्यावर काढल्या जाणाऱ्या मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषांत ते पुरते मावत नाही.

रोपापासून ताटापर्यंतच्या कांद्याच्या प्रवासाला हल्ली 'मूल्यसाखळी' असे भारदस्त नाव मिळाले आहे. बियाणे, लागवड, काढणी, चाळ, लिलाव, व्यापाऱ्याचे खळे, ट्रक, परदेशी जाणारा कंटेनर आणि किरकोळ दुकान या तिच्या कड्या. पाऊस अवेळी आला किंवा सरकारी हुकूम अचानक निघाला, तरी ही साखळी तुटू नये असे वाटत असेल, तर प्रथम एक प्रश्न विचारला पाहिजे. भाव पडलेला असताना कांद्याला किती दिवस थांबता येते?

नाशिककडे कांदा वर्षातून तीनदा निघतो. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या मागेपुढे येतो, रांगडा जानेवारी ते मार्च आणि उन्हाळी मार्च ते मे. यांतील पहिल्या दोघांना टिकाऊपणा नाही. ते काढले की विकावेच लागतात. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रांगड्याची आवक वाढून भाव कोसळले, तेव्हा शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान दिले. बुडालेल्याला तो आधार खरा, पण बुडू नये म्हणून केलेली ती तजवीज नव्हे.

उन्हाळी कांद्याची गोष्ट वेगळी. देशातील कांद्यापैकी निम्म्याहून अधिक हाच असतो, आणि जूनपासून लाल कांदा येईपर्यंत सारा देश त्याच्यावर जेवतो. म्हणजे आपल्या सर्वांचे पावसाळ्यातले जेवण चाळींच्या भरवशावर असते! मात्र कांदा टिकण्याची तयारी चाळीत नव्हे, शेतातच सुरू होते. नत्राचा मारा केलेला किंवा काढणीच्या तोंडावर पाणी दिलेला कांदा दिसायला गरगरीत, पण ठेवणीला कच्चा. पाणी दोनेक आठवडे आधी तोडावे लागते. उपटल्यावर एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर झाकत तो शेतात सुकवायचा, मग मानेला बोटभर देठ ठेवून पात कापायची, आणि पुन्हा सावलीत दहा-बारा दिवस ठेवायचा. मान बंद झाली की कुजीला वाट राहत नाही. नेमक्या याच दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, अवकाळी पाऊस आला की ही सारी मेहनत वाया जाते. भिजलेला कांदा चाळीत घातला तर शेजारच्यालाही नासवितो.

चाळीचेही शास्त्र आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, खालून आणि बाजूने वारा, थर चार-पाच फुटांचाच. मात्र चांगली चाळ बांधायला पैसा लागतो. साध्या कुडाच्या चाळीत चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा तरी सडून, कोंब येऊन किंवा वजन घटून जातो. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी चाळ उकरून खराब माल वेगळा काढतात. त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलत नाही. लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प आहे. त्या किरणांनी कोंब थांबतात, पण सड आणि घट थांबत नाही. त्यासाठी पुढे शीतगृह हवे, आणि शीतगृहाला वीज व भाडे.

दुसरी अडचण पैशाची. सोयाबीन वा तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवली तर शेतमाल तारण योजनेत तिच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, आणि शेतकरी भावाची वाट पाहू शकतो. रोज वजनाने घटणारा कांदा तारण म्हणून कोण धरील? सोसायटीचा हप्ता, खतवाल्याची उधारी, मुलांच्या फिया हे तर थांबत नाहीत. म्हणून चाळ असूनही पुष्कळजण काढणीच्या गर्दीतच माल विकतात. चाळ सुधारल्यावाचून कर्ज मिळणार नाही, आणि कर्जावाचून चाळीचा उपयोग नाही, असा हा पेच आहे.

त्यातून तरलेल्यांना तिसरा धक्का बसतो तो धोरणाचा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, चाळीतला कांदा बाहेर निघण्याच्या ऐन वेळी, निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले. २६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी! आभाळ आणि दिल्ली यांच्यात अवघ्या बारा दिवसांचे अंतर होते. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यातदर राहिला. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. यापूर्वी २०१९ व २०२० मध्येही सप्टेंबरातच बंदी आली होती. बांगलादेश वा मलेशियाच्या व्यापाऱ्याने दरवर्षी आपली वाट का पाहावी? एकदा दुसरीकडे गेलेले गिऱ्हाईक सहजी परतत नाही.

शहरातल्या गृहिणीला स्वस्त कांदा मिळू नये असे कोणीच म्हणणार नाही. त्यासाठी सरकार नाफेड आणि एनसीसीएफ यांच्यामार्फत राखीव साठा करते. २०२३ मध्ये तो पाच लाख टनांपर्यंत वाढविला होता. हा साठा भाव पडलेला असताना खुल्या लिलावात उभे राहून घेतला, तर त्याचा दोन्हीकडे उपयोग होईल. आणि निर्यातीचे धोरण उन्हाळी रोप लावण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरअखेर जाहीर होऊन पुढचा लाल कांदा येईपर्यंत कायम राहिले, तर किती कांदा लावायचा, किती चाळीत घालायचा आणि किती लगेच विकायचा, हे ज्याचे त्याला ठरविता येईल.