रंग शेवटी पाहावा

नांदेड-लातूरकडे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा विषय निघाला की पहिली शंका ठरलेली असते : समुद्र इथून शेकडो किलोमीटर, तिथले मासे इथे जगणार कसे? शंका रास्त वाटते, पण ती चुकीच्या जागी आहे. मुंबईतले हौशी लोकही चौपाटीवरून बादल्या भरून आणत नाहीत, कारण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते. तेही आपल्यासारखेच गोड्या पाण्यात तयार क्षार मिसळून घरी समुद्र बनवतात. अंतराची अडचण तितकीशी नाही, अस्थिरतेची आहे. प्रवाळांवर राहणाऱ्या माशाच्या भोवतालचे पाणी दिवसा-दोन दिवसांत फारसे बदलत नाही. आपल्या घरातली टाकी मात्र उन्हाने, वीज गेल्याने आणि आपल्याच हयगयीने रोज बदलू पाहते. म्हणून मासा निवडताना तो किती रंगीत आहे हे शेवटी पाहावे. त्याला लागणारे पाणी, जागा आणि खाणे आपण वर्षानुवर्षे देऊ शकू का, हे आधी.

‘खारे पाणी म्हणजे मीठ घातलेले पाणी’ हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतले साधारण ८५ टक्के म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचेच घटक. पण उरलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम येतात आणि त्यांच्यावाचून तिथले जीवन चालत नाही. त्यामुळे मत्स्यटाकीसाठी मिळणारे कृत्रिम समुद्री क्षारच वापरावे लागतात. दोनशे लिटरच्या टाकीला सुमारे सात किलो. तेही बोअरच्या जड पाण्यात कालवून भागत नाही. त्या पाण्यात आधीच काय विरघळले आहे याचा भरवसा नसल्याने सुरुवात आरओच्या पाण्यापासून करायची.

एकदा क्षारता जमली की काम संपले असे मानणाऱ्याचा घात उन्हाळा करतो. पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. समजा, मे महिन्यात दोनशे लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडते आणि मालक ती घट खाऱ्या पाण्याने भरून काढतो. म्हणजे तो रोज १४० ग्रॅम क्षार वाढवतो आहे. दहा दिवसांत टाकीत १.४ किलो जादा क्षार जमतात आणि लिटरमागे ३५ ग्रॅमची क्षारता ४२ वर जाते. पातळी काचेवरच्या खुणेला तंतोतंत, पाणी नितळ आणि मासे मात्र धापा टाकताहेत, असे चित्र त्यातूनच दिसते. उडालेले पाणी नेहमी गोड्या पाण्यानेच भरायचे. उष्णतेचेही तसेच. टाकीला २५-२६ अंश हवेत आणि नांदेडचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. कोरड्या हवेत पृष्ठभागावर पंखा सोडला तर कूलरच्याच तत्त्वाने पाणी थोडे निवते, पण भर उन्हाळ्यात तेवढ्यावर निभत नाही. चिलर किंवा वातानुकूलित खोली लागते. गरम, खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही हाताशी हवा.

‘सुरुवात छोट्या टाकीने करावी’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण पाणी जितके कमी तितकी प्रत्येक चूक तीव्र होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर आणि वाळूत वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी अंश वाढतो, म्हणून जिवाणू वसण्याआधीच मासे सोडण्याची घाई गोड्या पाण्यापेक्षा इथे अधिक नडते. ‘डॅमसेल मासे काटक असतात, आधी तेच सोडा’ असेही सांगितले जाते. ते तगतात हे खरे. पण मग टाकी आपलीच समजून नंतर आलेल्यांना हुसकावतात.

आता माशांकडे वळू. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’पासून क्लाउनफिश आणि ब्लू टँग ही जोडी मुलांच्या मनात पक्की बसली आहे, पण टाकीत त्यांच्या गरजा जुळत नाहीत. क्लाउनफिश आठ-दहा सेंटिमीटरचा. ब्लू टँग तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला लांब जागा लागते. टाकी लहान ठेवली की मासा लहान राहतो, ही समजूतही खोटी. तो खुरटतो आणि आजारी पडतो. मँडरिन हा नक्षीदार मासा पाहताक्षणी घ्यावासा वाटतो, पण तो दिवसभर खडकांवरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो. ते नसलेल्या नव्या टाकीत समोर खाद्य असूनही तो उपाशी मरू शकतो. बटरफ्लाय माशांच्या कित्येक जाती तर प्रवाळच खातात. त्यांच्या मानाने क्लाउनफिश सोपा. त्याला टाकीत समुद्रफूल लागतेच असे नाही आणि नर-मादी शोधावी लागत नाही : त्यांची वाढ नर म्हणून होते आणि जोडीत वरचढ ठरणारा मासा पुढे मादी बनतो. शिवाय कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीतही त्यांची पैदास झाली आहे. हॅचरीतला मासा टाकीला आणि दाणेदार खाद्याला सरावलेला असतो. ब्लू टँगची पैदास मात्र २०१६ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा साधली, त्यामुळे दुकानातला टँग बहुधा समुद्रातून पकडलेलाच असतो. इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये असे मासे गुंगवायला सायनाइड वापरले गेल्याचेही सर्वश्रुत आहे.

‘दुकानात मिळते म्हणजे कायदेशीर’ हेही खरे नाही. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत आहेत. मालवणच्या किंवा समुद्रातल्या ‘आंग्रिया बँक’ या उथळ भागातल्या प्रवाळाचा तुकडा शोभेसाठी बाळगणे हा गुन्हा आहे. मग प्रवाळांशिवाय टाकी सुंदर कशी, असा आक्षेप येईल. सच्छिद्र सिरॅमिकच्या खडकावर जिवाणू तितक्याच आनंदाने वसतात आणि मासे तितक्याच सहज लपतात.

खरा गंभीर आक्षेप पाण्याचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ही चैन शोभते का? दोनशे लिटरची टाकी एकदा भरली की आठवड्याला वीसेक लिटर पाणी बदलायचे आणि उडालेले तेवढे भरायचे. आरओतून वाया जाणारे पाणी याहून जास्त असते, पण ते फरशी आणि भांड्यांना चालते. काढलेले खारे पाणी मात्र झाडांना किंवा शोषखड्ड्यात जाऊ नये, जमीन नासते. तरीही आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या वर्षी ही हौस सुरू करू नये, हे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मान्य करायलाच हवे.

ज्याला सुरुवात करायची आहे त्याने एप्रिलअखेर टाकी भरावी आणि मासे न सोडता मे महिना चालवून पाहावी. जिवाणूंना नाहीतरी तेवढे दिवस द्यायचेच असतात. त्या काळात पारा आणि क्षारता जागेवर राहिली, तर क्लाउनफिशची एक जोडी आणावी. राहिली नाही, तर टाकी कोरडी करून ठेवावी. निदान एकाही माशाचा जीव गेलेला नसेल.