मसूरचे स्थानक आणि लंडनची खोली

उंब्रजहून कृष्णा ओलांडून पूर्वेस निघाले की मसूर लागते. तेथील रेल्वे स्थानकावर १९०१ साली एका संध्याकाळी साताऱ्याहून आलेली काही मुले, जरीच्या टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे लेवून, वडिलांच्या माणसाची वाट पाहत उभी होती. खटाव तालुक्यातील गोरेगावी, दुष्काळी कामातील तलावाच्या खोदाईवर रोखपाल असलेल्या रामजी सकपाळांकडे ती निघाली होती, आणि त्यांत त्यांचा धाकटा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, होता. मुले महार आहेत असे कळताच आस्थेने चौकशी करणारा स्टेशनमास्तर मागे सरला. कोणी गाडीवान त्यांना नेण्यास राजी होईना. अखेर मुलांनी स्वतः बैल हाकावेत, मालकाने पायी चालावे आणि भाडे दुप्पट घ्यावे असा ठराव झाला. वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून भरल्या शिदोरीसह ती मुले त्या रात्री उपाशी निजली.

हाच मुलगा पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा लिहून देऊन, १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोहोचला. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए. होऊन तो १९१६ मध्ये लंडनला आला आणि अर्थशास्त्राच्या शिक्षणसंस्थेत व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे त्याने नाव नोंदविले.  शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्याला परत यावे लागले, आणि वेगळ्या बोटीने पाठविलेले सामान, त्यातील पुस्तकांसकट, पाणतीराच्या माऱ्याने समुद्रतळाशी गेले.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातील मित्र नवल भथेना यांच्याकडील पाच हजारांचे कर्ज एवढ्या बळावर आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. या दुसऱ्या वास्तव्यातील दिनक्रम चरित्रकारांनी टिपून ठेवला आहे. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मुरंबा आणि बोव्हरिल नावाच्या मांसाच्या अर्काचा कपभर कढत घोट. मग भाडे वाचावे म्हणून पायपीट करीत ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठावयाचे, आणि ते बंद होईतो उठावयाचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. रात्री पुन्हा पुस्तके, आणि पोटात कावळे ओरडू लागले की एका परिचिताने दिलेले पापड. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात अभ्यास करून रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध झाला तो याच दिवसांत. १९२१ मध्ये एम. एस्सी., २८ जून १९२२ रोजी बॅरिस्टरीची सनद आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. अशी ती फळे. मध्यंतरी जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते.

भूक मसूरच्या वाटेवर होती तशी लंडनच्या खोलीतही होती, हे मला पुनःपुन्हा जाणवते. लंडनमधली भूक पैशांच्या तुटीची होती, आणि ती त्यांनी विद्येसाठी जाणून पत्करली होती. मसूरच्या वाटेवर अन्न जवळ असूनही ते गिळता आले नाही, कारण पाणी देणाऱ्याने आधी जात विचारली. वाचनालयाच्या मेजावर ती कोणी विचारली नाही. परदेशातील पहिल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. आणि तेथेच हेही लिहिले आहे की करारनाम्याप्रमाणे बडोद्यास रुजू होण्यासाठी उतरताच, राहावयाला जागा कोठे मिळेल या विवंचनेने ती पुन्हा जागी केली. माझ्या मते त्यांच्या पदव्यांपेक्षाही ही नोंद अधिक मोलाची आहे, कारण शिक्षणाने माणूस कोठवर जातो आणि समाज त्याला कोठे अडवितो हे दोन्ही तिच्यात एकाच ठिकाणी दिसते.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. आमच्या पंचक्रोशीतील जी मुले शिकण्यासाठी परदेशी जातील, त्यांनी ते घर अवश्य पाहावे. परंतु जाण्यापूर्वी एका संध्याकाळी मसूरच्या स्थानकावर जाऊन थोडा वेळ उभे राहावे, एवढी माझी विनंती आहे.